प्रमाणपत्र असलेला माणूस

कांगस गॅरेज,
१७ एप्रिल

प्रिय कोरीन,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. फोन करायचा सोडून तू कागदावर लिहिलंस, तेव्हाच ओळखलं की हे तू घाईघाईत लिहिलेलं नाही. मग उत्तरही कागदावरच द्यायला हवं. तुला माझ्याकडून एकच शब्द हवा आहे. ट्रेड स्कूलला एक मेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे, आणि तिथे नाही कळवून जूनपासून माझ्या गॅरेजात यायचं तू जवळजवळ ठरवलं आहेस. "ऑर्व्हकाका, तू फक्त ये म्हण, बाकी मी बघते," असं तू लिहिलं आहेस. नाताळात तुमच्याकडे जेवताना मी तीन वेळा ये म्हणालो होतो, तुझ्या आईने डोळे वटारले तरी. आज चार दिवस झाले, तोच शब्द या कागदावर उतरत नाही.

तू दिलेली कारणं मला पाठ आहेत, कारण वीस वर्षं मीच ती या गावाला ऐकवत आलो. शाळेतली इंजिनं टेबलावर मांडलेली असतात, त्यांना घेऊन कुणाला कामावर पोचायचं नसतं. तिथले बोल्ट स्वच्छ असतात. आपल्याकडे बर्फ वितळावा म्हणून सहा महिने रस्त्यावर मीठ पडतं, आणि वसंतात आत येणाऱ्या गाडीचा एकेक बोल्ट गंजून लोखंडाशी एकजीव झालेला असतो. तो किती तापवायचा, किती ठोकायचा, आणि कुठल्या क्षणी हात आखडता घ्यायचा, हे कुठल्या वर्गात शिकवतात? दोन वर्षं फळ्यासमोर बसण्यापेक्षा दोन वर्षं गाडीखाली घालवली तर माणूस मेकॅनिक होतो, हे मी कॉफीच्या दुकानात सांगितलं, साउनाच्या वाफेत सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं. आणि यातलं बरंचसं खरं आहे, कोरीन. अर्धं खोटं असतं तर ते इतकी वर्षं टिकलं नसतं.

तुझे बाबा माझ्याकडे आले तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. डेल नीमेला, सव्वीस वर्षांचा, हातात ट्रेड स्कूलचं प्रमाणपत्र, आणि ते चुरगळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घातलेलं. मी वडिलांच्या हाताखाली शिकलेला, वडील त्यांच्या काकाच्या. आमच्या घराण्यात कुणी गाडीविषयी पुस्तक उघडलं नव्हतं. इतर पुस्तकं मी ढिगाने वाचली, लायब्ररीतल्या बाईंना विचार, पण माझ्या धंद्याचं पुस्तक वाचणं मला कमीपणाचं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या मिसेस टुओमिनेन आपली ब्यूक घेऊन आल्या. डेल बॉनेट उघडून अर्धा तास पुस्तकात डोकं घालून उभा. बाई म्हणाल्या, "बाळा, पुस्तक वाचून झालं की जरा गाडीकडेही बघ. तिला वाईट वाटेल." मी हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिलो. डेल मान वर न करता म्हणाला, "बाई, गाडीनेच सांगितलंय पान बघायला." त्या दिवसापासून मी त्याला प्रोफेसर म्हणू लागलो.

प्रोफेसरच्या सवयींनी माझा जीव खाल्ला. गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टवर चढवली की तो फूटभर उचलून थांबायचा. बटणावरचं बोट काढून मला हाक मारायचा, "थांब, ऑर्व्ह." मग बंपरला दोन्ही हात लावून गाडी गदागदा हलवायचा. ती लिफ्टच्या चारही हातांवर नीट बसली आहे याची खात्री झाली, की मगच वर. गाडीतून जड भाग काढायचा असेल तर दुसऱ्या टोकाखाली उंच लोखंडी टेकू लावायचा, कारण एका बाजूचं वजन गेलं की गाडी दुसऱ्या बाजूला कलते. आमच्याकडे तसा एकच टेकू होता. अजून एक आण म्हणून तो दर हिवाळ्यात मागे लागायचा आणि मी म्हणायचो, "आपण इथे पूल बांधत नाही आहोत, प्रोफेसर." एकदा असाच वैतागून मी ओरडलो, "तुझी तपासणी होईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल!" तो म्हणाला, "होऊ दे की. आपणही होऊ."

मी झालो. आता एकसष्ट पूर्ण.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण तुझे बाबा त्या गॅरेजातून गेलेले नाहीत, हे मला कुणाला तरी सांगायलाच हवं. गाडी फूटभर वर आली की माझं बोट बटणावरून आपोआप सुटतं. पाठ ताठ होते. आता कुणीतरी पुढे होऊन बंपरला हात लावणार, असं वाटत राहतं. कुणी लावत नाही. मग मीच जाऊन हलवतो, आणि हलवताना पलीकडूनही कुणी धरल्यासारखी गाडी जड लागते. भर सकाळी, दारातून उन्हाचा पट्टा आत आलेला, समोर गिऱ्हाईक कॉफी पीत बसलेलं, आणि जिथे तो गेला त्या दुसऱ्या लिफ्टच्या खालून स्वच्छ ऐकू येतं, "थांब, ऑर्व्ह." मी रेडिओ मोठा करतो. तू नेहमी चिडवतेस ना, "काका, तुला कमी ऐकू येतं का?" मला जरा जास्तच ऐकू येतं, पोरी. चार वर्षांपूर्वी मी ती लिफ्ट उपटून भंगारात दिली आणि नवी बसवली. आवाज नव्या लिफ्टखाली राहायला आला.

आणि त्याच माणसाला मी सभेत उभं केलं. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर तुला आठवत असेल. शाळा मंडळाला ठरवायचं होतं, की आपल्या हायस्कूलच्या मुलांना ट्रेड स्कूलला नेणारी बस चालू ठेवायची का. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं होती. मी उठलो आणि शेवटी म्हणालो, "माझ्या गॅरेजात दोन माणसं होती. ज्याच्याकडे प्रमाणपत्र होतं तो कबरीत आहे. ज्याच्याकडे नव्हतं तो तुमच्यापुढे उभा आहे. आता सांगा, काय शिकवतात तिथे?" टाळ्या पडल्या. बस बंद झाली. तिसऱ्या रांगेत तू आईशेजारी बसली होतीस. आई खाली मान घालून हातमोज्याचा धागा ओढत होती आणि तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं होतं, तू चिडशील. सोमवारी तुझं पत्र उघडलं, तर दुसऱ्या पानावर, अगदी मध्यावर: "शेवटी बाबांकडे प्रमाणपत्र होतं आणि ते गेले, तुझ्याकडे नव्हतं आणि तू आहेस." माझंच वाक्य. तू ते तुझं समजून लिहिलं आहेस. त्यावर आपलं सगळं आयुष्य उभं करायला निघाली आहेस.

म्हणून आता ट्रेड स्कूलविषयी मला खरं काय वाटतं ते ऐक. तिथून बाहेर पडलेल्याला गंजलेला बोल्ट सोडवता येत नाही, हे खरं. तो इथे सहा महिन्यांत शिकतो. पण गॅरेजात शिकणारा आपल्या मालकाचं कसब उचलतो तशा मालकाच्या चुकाही उचलतो, आणि त्या चुका आहेत हे त्याला सांगणारं तिथे कुणी नसतं. माझे वडील गाडी कधी हलवून बघत नसत, म्हणून मीही बघत नव्हतो. त्यांच्या काकाला नशिबाने साथ दिली, त्यांना दिली, मला दिली, आणि तीन पिढ्यांच्या नशिबाला आम्ही अनुभव म्हणत होतो! शाळेत पहिल्या महिन्यात हे शिकवतात, कुठल्या टोकाचं वजन गेलं की गाडी कुठे कलते. आणि आणखी एक गोष्ट शिकवतात, ती त्यांच्या कुठल्या माहितीपत्रकात छापलेली नसते. मालकाला थांब म्हणायला शिकवतात. डेलला स्वतःच्या हातापेक्षा मोठं काहीतरी ठाऊक होतं, म्हणून तो बारा वर्षं रोज माझ्यासमोर उभा राहून थांब म्हणू शकला. एकोणीस वर्षांची तू, जिला मी घोडा होऊन पाठीवर बसवून फिरवलं आहे, तू मला थांब म्हणशील? नाही म्हणणार. मी चुकीचं सांगेन आणि तू मान हलवून ते करशील. मला दिसतं ते, अगदी डोळ्यांसमोर. दुसऱ्या लिफ्टखाली तू उभी दिसतेस.

तुझ्या घरात बाबांविषयी काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. तुझी आई एकदा माझ्या गॅरेजातच म्हणाली होती, "मला घरात एकटीला शिडीला हात लावू देत नव्हता. दहादा सांगायचा, खाली कुणाला तरी धरायला लाव. आणि तिथे स्वतः आळस केला." मेलेल्या माणसावर नऊ वर्षं रागावून राहणं सोपं नाही. ती राहिली आहे. राज्याच्या तपासनिसाच्या अहवालात लिहिलंय तेच तिला माहीत आहे: कामगाराने टेकू लावला नव्हता.

कोरीन, त्याने टेकू लावला होता. फेब्रुवारीतली सकाळ होती, अकराचा सुमार, बाहेर बर्फावर ऊन चमकत होतं. एका लाकूडतोड्याचा ट्रक दुसऱ्या लिफ्टवर होता, मागच्या चाकांचा जड ॲक्सल काढायचा होता. डेलने गाडी हलवून बघितली, पुढच्या टोकाखाली टेकू उभा केला आणि मागे जाऊन बोल्ट सोडवायला लागला. त्याची पाठ टेकूकडे होती. मी शेजारच्या लिफ्टवर मिसेस टुओमिनेनच्या ब्यूकचा सायलेन्सर जोडत होतो. लांब नळी खाली लोंबत होती, तिला आधार हवा होता, फक्त दोन मिनिटं. मी गेलो आणि टेकू काढून आणला. तो सहज निघाला. ॲक्सल अजून जागेवर होता, त्यामुळे टेकूवर भार आलाच नव्हता. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो थांब म्हणाला असता, आणि त्या दिवशी मला ते ऐकायचं नव्हतं. शेवटचा बोल्ट सुटला, ॲक्सल खाली आला, ट्रकचं नाक झुकलं आणि तो लिफ्टवरून सरकला. डेलला वळायलाही वेळ मिळाला नाही. अग्निशामक दलाची माणसं ट्रक उचलत होती, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि तेवढ्यात माझ्या या हातांनी ब्यूकखालचा टेकू काढून कोपऱ्यात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तपासनिसाने विचारलं, "टेकू कुठे होता?" मी म्हणालो, "कोपऱ्यात." एवढंच बोललो. बाकी सगळं त्यांनी स्वतः लिहून काढलं, आणि मी खाली सही केली.

तुझे बाबा शिकलेले होते आणि त्यांचं शिक्षण शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबर होतं. त्यांच्या हातून काही राहिलं नव्हतं. तू ये म्हण म्हणालीस, मी जा म्हणतो. शाळेला हो कळव, आणि माझ्यावरच्या रागाने नाही, त्यांच्यामुळे कळव. आईला हे पत्र तू दाखवू नकोस. पुढच्या शनिवारी दुपारी मी स्वतः येऊन सांगणार आहे, दार उघडायचं की नाही ते तिने ठरवावं. काल मी राज्याच्या कचेरीत फोन केला. पलीकडची बाई समजूतदार होती. म्हणाली, "अहो, नऊ वर्षं झाली, ते प्रकरण कधीच बंद झालं. आता कशाला?" मी म्हटलं, "त्याची मुलगी माझ्या हाताखाली शिकायचं म्हणते आहे." मग तिने माझं आडनाव एकेक अक्षर करून विचारलं, आणि मी सावकाश सांगितलं.

तुझाच, तू अजून म्हणू देत असशील तर,
ऑर्व्ह