भाडेकरारात नसलेलं मांजर

श्री. प्रुइट यांस,

कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं मी मालकांविरुद्ध भाषणं ठोकली. पण तुमच्या भाडेकरारातल्या ‘प्राणी पाळू नयेत’ या ओळीला घाबरले. काखेत लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा दवाखान्याच्या फॉर्मवर ‘घरी प्राणी नाही’ असं लिहिलं, कारण तिथली नर्स तुमची सून. डॉक्टरांना कॅन्सरचा संशय आला.

गाठ काढायच्या सकाळी सुनेनं माझा हात धरला. “लोर्नाबाई, हे ओरखडे कशाचे?”

“गुलाबाच्या काट्यांचे.”

“डुलुथच्या बर्फात, जानेवारीत? मांजर केवढं आहे ते सांगा. सासऱ्यांना कळणार नाही.”

सांगितलं. तपासणीत मांजराच्या ओरखड्यातून झालेला संसर्ग निघाला. गाठ विरली, पण सून तुम्हाला सांगेल हा माझा संशय विरला नाही.

काल तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात, ते पलंगाखाली डोकावायलाच असं मी धरून चालले. तेवढ्यात तुमची बाही सरकली. मनगटावर तसलेच ओरखडे! माझं मांजर दुपारी जिना उतरून कुठे जातं, ते कळलं. तुम्ही त्याला खाऊ घालता की हाकलता, कोण जाणे.

हे पत्र तुमच्या दाराखाली सरकवलं, तर माझं घर जाईल. नाही सरकवलं, तर उद्या गाठ आल्यावर तुम्हीही फॉर्मवर ‘नाही’ लिहाल. म्हणून पत्र ठेवून देते आणि सुनेलाच फोन लावते: आता सासऱ्यांचा हात धर, बाई.

वरच्या मजल्यावरची,
लोर्ना वेस्टरगार्ड