चोवीस नावं आणि उकळायचा केग

प्रिय सहना,

रविवारी टेंपो घेऊन येतेस, असं तू आईला फोनवर सांगितलंस. तुझे बिअर करायचे तिन्ही केग, ती स्टीलची पिंपं, मागच्या अंगणात जसेच्या तसे आहेत. नेण्याआधी नीट आहेत ना ते पाहावं, म्हणून मी हात लावला. रागावू नकोस.

एक पाणी तापवायचा, एक सातू भिजवायचा, एक उकळायचा, अशा तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या त्यांच्यावर अजून आहेत. उकळायच्या केगला तू तोटी बसवलीस, पण मापाची काठी राहिली होती. मग मी देवघरातला लिटरभराचा तांब्या घेतला आणि एकेक तांब्या ओतून काठीवर खूण करू लागलो. गावच्या शाळेतलं माझं गणित तुला ठाऊक आहे. आकडे हुकतात, म्हणून रोजच्या आचमनातली चोवीस नावं धरली. एका तांब्याला एक नाव. दामोदरापर्यंत आलो, तर आई मागून म्हणाली, "अय्यो, बिअरला संध्या शिकवताय की काय?" झालं! दामोदर ओतला की नाही, तेच आठवेना. पुन्हा केशवापासून.

दोन फेऱ्यांत केग भरला. तोटी सोडली, पाणी वाहायचं थांबलं, आत वाकून पाहतो तर केशव आणि नारायण तळाशीच! तोटी बुडापासून तीन बोटं वर आहे ना. आतून तळापर्यंत पोचणारी वाकडी नळी जोडली. तोटीचं वॉशर उलटं बसलं होतं, तेही फिरवलं. आता गळत नाही. मग लक्षात आलं की आपलं अंगण मोरीकडे उतरतं, म्हणजे माप खोटंच. गावी तुझे आजोबा रंगाच्या भांड्याखाली कौलाचा तुकडा सरकवायचे, रंग एका बाजूला बसू नये म्हणून. मीही तसंच केलं आणि तिसऱ्यांदा मोजलं. पाठ दुखली, पण सकाळ फार चांगली गेली. किती दिवसांनी तुझ्याजवळ बसल्यासारखं वाटलं.

दसऱ्याला तुझ्या मैत्रिणींसमोर मी या केगना 'मैलिगे' म्हणालो. विटाळाचा शब्द. मी भांड्यांना म्हणालो, तो लागला तुला. दुसऱ्या दिवशी तू बेंगळूरला गेलीस, आणि तेव्हापासून फोन आईलाच येतो. मी पलीकडच्या खोलीत जपाची माळ हातात धरून ऐकत असतो, जप होत नाही. तो शब्द मी मागे घेतो, सहना. तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून हे पत्र. बिअर मी पिणार नाही, तो माझा नेम आहे, तुझ्यावर तो घालण्याचं कारण नव्हतं. केग इथेच राहू देत. तू बसनं ये. किती वाजता पोचतेस ते या वेळी मला फोन करून सांग. मी स्टँडवर उभा असेन.

तुझाच,
अप्पा