उपकाराच्या पेटीतली चिठ्ठी

३ फेब्रुवारी, सोमवार

गाठ परत आली. डॉक्टरांनी ह्यांच्या गळ्याची फिल्म उजेडासमोर धरली, बोटाने एक गोल काढला आणि म्हणाले, "आता पुन्हा कापता येणार नाही." ह्यांनी मान हलवली — बस अर्धा तास उशिरा आहे असं कोणी सांगितल्यासारखी. पंचवीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. मागच्या दारातून आवाज टाकला की पुढे ड्रायव्हर दचकायचा. चर्चच्या गायनमंडळात खालचा सूर ह्यांचाच. मागच्या वर्षी ऑपरेशनमध्ये आवाज गेला. मानेला भोक, त्यात श्वासाची नळी. बोलायचं ते पाटीवर लिहून.

तेव्हा पाळकसाहेब म्हणाले होते, "देव परीक्षा पाहतोय." आधी विद्यार्थ्याचा आवाज काढून घ्यायचा आणि मग तोंडी परीक्षा घ्यायची. वा रे मास्तर!

आत्ताच कोणाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. कोणाचं "बिचारी" ऐकून घ्यायची ताकद नाही. ह्यांनी लिहिलं — "बरं."

४ फेब्रुवारी

आज प्रार्थना केली नाही. काही बिघडलं नाही.

६ फेब्रुवारी

दातांच्या लॅबमध्ये, कामावर घोटाळा केला. कवळीच्या मेणात पुढचे दोन दात डावा-उजवा बदलून बसवले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी साचा हातात फिरवून पाहिला. "बाई, हा माणूस हसला तर घरचे पळून जातील." मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. प्लास्टरची धूळ डोळ्यात गेली म्हणून सांगितलं. मालकांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं. भला माणूस आहे, आणि कुठल्याच देवाला मानत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

राग अजून उतरला नाही. तरी लिहिते.

चर्चच्या दाराशी दोन पेट्या आहेत. एक विनंतीची, एक उपकाराची. ज्याला देवाकडे काही मागायचं किंवा त्याचे आभार मानायचे, त्याने चिठ्ठी टाकायची. उपासनेत सेक्रेटरी चिठ्ठी न उघडता घडीवरचं नाव तेवढं वाचतात, कारण वाचत नाहीत. पूर्वी वाचायचे. मग एकदा कोणाच्या तरी सुनेचं भांडण सगळ्या मंडळीसमोर वाचलं गेलं, तेव्हापासून नियम झाला.

चौदा महिने ह्यांचं नाव विनंतीत होतं. आज विनंतीत आलं नाही. विसरले असतील म्हटलं. मग उपकाराची यादी सुरू झाली आणि पहिलंच नाव ह्यांचं!

अख्खी मंडळी वळून बघायला लागली. "आमेन, आमेन!" नणंदबाई मागच्या बाकावरून धावत आल्या, गळ्यात पडल्या. "वहिनी, रिपोर्ट चांगला आला आणि मला सांगितलं नाहीत?" पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "बघा, मी म्हणत नव्हतो?" हे शेजारी गाण्याचं पुस्तक उघडून शांत उभे. नुसते ओठ हलवत होते.

बाहेर आल्यावर म्हटलं, "मी आत्ता जाऊन सांगते, चूक झालीय." पाटीवर — "राहू दे."

राहू दे म्हणे. देवाची थट्टा मला एकवेळ चालेल. तुमची नाही चालणार.

१० फेब्रुवारी

सेक्रेटरींना फोन केला. "चिठ्ठी उपकाराच्याच पेटीत होती, बाई. मी माझ्या मनाचं वाचत नाही." वर पुन्हा, "आनंदाच्या दिवशी एवढं काय चिडायचं?"

मला माहीत आहे कोणाचं काम ते. सगळ्या गावाच्या वतीने चिठ्ठ्या कोण टाकतं? आधी आभार मानून ठेवायचे म्हणजे देवाला लाजेकाजेस्तव बरं करावं लागतं — असलं डोकं आमच्या नणंदबाईंचंच!

१२ फेब्रुवारी

नणंदबाईंच्या घरी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "वहिनी, मी नाही टाकली हो. पण रिपोर्ट आलाय कसा?"

सांगावं लागलं. त्या दारातल्या चपलांवरच मटकन बसल्या. त्यांचा एकुलता एक भाऊ. मी एवढी भांडायला गेलेली, त्यांना पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवत बसले.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी चर्चला गेले नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. ह्यांनी आग्रह केला नाही. मानेवरचं भोक झाकायला मफलर गुंडाळला आणि एकटे गेले. मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यापर्यंत दोनदा थांबले.

दुपारी नणंदबाई आल्या. सेक्रेटरींकडून ती चिठ्ठी मागून आणली होती. माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेल्या.

अक्षर ह्यांचं. धावत्या बसमध्ये लिहिल्यासारखं, तिरकं. "गाठ परत आली. तरी उपकार. बायको रोज नळी साफ करते. एकदाही तोंड फिरवलं नाही."

खोटं आहे. फिरवलंय. पहिल्या आठवड्यात मी रोज न्हाणीघरात जाऊन ओकायचे, नळ सोडून, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. ह्यांना वाटतं मी मोठी साध्वी.

आणि आभार माझे मानायचे होते तर मला सांगायचं! मध्ये देवाला कशाला? नळी तो धुतो का?

१८ फेब्रुवारी

विचारलंच. "तुम्हाला राग येत नाही?"

लिहिलं — "येतो. फार." फडक्याने पुसलं. "वधस्तंभावर येशूनेही बापाला जाब विचारला. मीही विचारतो."

"मग? मिळालं उत्तर?"

"नाही."

मला वाटलं, पुढे काहीतरी समजुतीचं लिहितील. नाही लिहिलं. पाटी पुसली आणि चहा मागितला. चौदा महिन्यांत देवाबद्दल ऐकलेलं हे पहिलं खरं बोलणं. पाळकसाहेबांना जमलं नाही ते ह्यांनी एका शब्दात केलं.

न्हाणीघराचंही सांगून टाकलं. हसले. मान हलवून, आवाज न करता. लिहिलं — "नळाचा आवाज यायचा. कळायचं."

सगळं माहीत होतं आणि तरी तशी चिठ्ठी लिहिली!

२७ फेब्रुवारी

आता अंथरुणातच. पातळ घासही उतरत नाही. मालकांनी कवळ्या घरी करायला दिल्या. पलंगाशेजारी बसून दात बसवते. हे बघत असतात. मधेच बोटाने दाखवतात — हा वाकडा बसला. तिकीट तपासल्यासारखं.

५ मार्च

गायनमंडळ घरी येऊन गायलं. खालचा सूर कोणी धरला नाही. त्यांच्याकडे दुसरा माणूसच नाही. पाळकसाहेबांनी या वेळी परीक्षेचं नाव काढलं नाही, खुर्चीवर बसून राहिले. बरं केलं.

११ मार्च

पाटी धरवत नाही. माझ्या तळहातावर बोटाने लिहितात. निम्मं कळतं.

१४ मार्च

दुपारी पावणेतीनला गेले. माझा हात हातात होता.

देवा, मी तुझ्यावर भयंकर चिडलेय. हे या वहीला सांगत नाही, तुला सांगतेय. उठून जाऊ नकोस. अजून माझं बोलून झालेलं नाही.