सदाफुलीची पानं

चिमे,

तू रात्रपाळीवरून येशील तेव्हा मी घरी नसेन. डॉक्टरांकडे चाललोय. पहाटे दोनदा उलटी झाली आणि बाथरूममध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. पडलो नाही, भिंत धरली. साखर मोजली तर पंचावन्न. दोन चमचे साखर पाण्यातून प्यायलो, आता बरंय.

डायबिटीसच्या गोळ्यांचा दोष नाही. महिनाभर गोळ्यांच्या जोडीला मी कुंडीतल्या सदाफुलीची पानं चावत होतो. शेजारचे मास्तर म्हणाले होते, साखर उतरते. उतरली खरी. आता तेच मास्तर तोंड पाडून माझ्यासोबत येतायत.

तुझ्या वॉर्डात याच झाडापासून काढलेलं कॅन्सरचं औषध हातमोजे घालून देतात, हे तूच सांगितलं होतंस. तरी खाल्ली. म्हातारचळ म्हण.

झाड मात्र उपटू नकोस, त्याचं काय चुकलं? पोळ्या डब्यात आहेत.

एक सांगतो. साखर चढलेली होती तेव्हा तू आल्याआल्या आकडा विचारायचीस, रागवायचीस. पानांनी आकडा जागेवर आला आणि तुझं विचारणंच थांबलं. खोलीचं दार लावून झोपायला लागलीस.

आज मी येईपर्यंत जागी राहा. पोटभर रागव.

बाबा