सगळे पास झाल्याची हकीकत

चि. धाकट्यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का, की तुला ओरडायला घसा अजून मोकळा झालेला नाही? इकडे तुझी लेक सुखरूप आहे, म्हणजे जेवतेखाते आहे. फक्त माझ्याशी बोलत नाही. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तर मला फोनची बंदी झाली आहे. (या वयात! धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून अक्षर असं वाकडं.)

चिमणीचं ते कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण तुला ठाऊकच आहे. त्यात शेवटी चौघाचौघांनी मिळून एक संशोधन करायचं असतं आणि चौघांचे कान धरायला वर एक गाईडबाई असतात. हिच्या गटाने घेतलं दवाखान्याचा नंबर लावायचं अ‍ॅप. एक दिवस मला म्हणाली, "आत्या, शनिवारी चाचणी आहे. बिल्डिंगमधली तुझ्या वयाची माणसं जमवशील? जसं येईल तसं करायचं, तयारी नको." आता चाचणी म्हटल्यावर 'तयारी नको' हे कोणी खरं धरतं का? पाहुणा 'चहा नको' म्हणतो तसंच ते, असं मी समजले. म्हातारे अडले की पोरगी नापास, मग तुला तोंड कसं दाखवू?

अ‍ॅप नीट उघडतं का बघायला तिने ते माझ्या फोनवर टाकलं होतं आणि बजावलं होतं, हात लावू नकोस. म्हणून मी लावला. शिकले, आणि मग सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. (मी वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. मला कोणी शिकवलं नाही, म्हणूनच की काय, मला शिकवायची भारी हौस.) चष्म्यांचा भरवसा नव्हता, म्हणून बटणांच्या रंगांवर बसवलं: निळं, पिवळं, खाली, हो. शेजारचे पोस्टमास्तर चारदा चुकले, त्यांना चहा उशिरा दिला. वरच्या मजल्यावरच्या आजींना ऐकू येत नाही, त्यांचं बोट धरून गिरवून घेतलं.

शनिवारी काय सांगू तुला! एकेक जण आत गेला आणि फडाफड नंबर लावून बाहेर आला. आजींनी तर प्रश्न विचारायच्या आधीच लावला. मी दारात उभी, अभिमानाने फुगलेली. आणि आत बघते तर चौघांचे चेहरे उतरत चाललेले. जसजसा एकेक पास होई, तसतसं पोरांच्या तोंडचं पाणी पळे. मला वाटलं, भूक लागली असेल.

पुढच्या आठवड्यात चिमणी रडत घरी आली. बाईंनी चाचणीचं चित्रीकरण पाहिलं होतं. एकही म्हातारा अडला नाही, सगळ्यांची बोटं एकाच वाटेने गेली आणि सगळ्यांचे ओठ हलत होते! बाई म्हणाल्या, ही माणसं तुम्ही पढवून आणलीत. हे संशोधन मी पुढे पाठवणार नाही. म्हणजे चौघांचं वर्ष फुकट.

तशीच चप्पल घालून (ती पण पोस्टमास्तरांची निघाली) कॉलेजात गेले आणि बाईंना म्हटलं, "पोरांना बोलू नका. पढवलं ते मी."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काकू, माणसं कुठे अडतात तेच तर आम्हाला शोधायचं होतं! तुमच्या चुका हव्या होत्या आम्हाला."

धाकट्या, चुका हव्या होत्या! माझ्याकडे घरात ढिगाने होत्या, आणि मी घासूनपुसून साफ करून पाठवल्या. बाईंना पाणी मागितलं, तर त्यांनी स्वतः आणून दिलं. माणूस वाईट नाही. म्हणाल्या, एक संधी देते. पण नवीन माणसं आणा, या काकूंचा हात न लागलेली. माझ्याकडून वचन घेतलं की ओळखीच्या कोणालाही फोन करणार नाही. पत्राचं काही बोलल्या नाहीत.

तब्येतीला जप. वहिनीला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. : मुख्य सांगायचं राहिलंच. येत्या रविवारी चिमणी गट घेऊन तुमच्याकडे येते आहे, चाचणीला. तुम्हा दोघांना फोनमधलं ओ की ठो कळत नाही, अशी मी बाईंना हमी दिली आहे. पोरीचं वर्ष तुझ्या अडाणीपणावर आहे. मनापासून चुका. कोणाला विचारू नका, कुठे डोकावू नका.

ता. क. २ : वहिनी चारचौघांत फार बावरते, माझ्या डोळ्यांपुढे तिचा चेहरा येतोय. फक्त तिच्यासाठी सांगते, तू वाचू नकोस: सुरुवात निळ्याने.

ता. क. ३ : मग पिवळं.