शिडीगाडी आणि जनकाबाईचा शब्द

मी, किसनराव लक्ष्मण हिवराळे, वय ७१, मुंबई अग्निशमन दलातून निवृत्त, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला मागू नये.

१. राहते घर पत्नी जनकाबाई हिचे. मी मुंबईला बराकीत असताना तिनेच ते उभे केले. मी रजेवर येऊन फक्त ‘खिडकी लहान झाली’ म्हणत असे.

२. बँकेतील ठेवी जनकाबाई आणि मुलगी धम्मशीला यांना निम्म्या-निम्म्या.

३. पान्यांची पेटी जावई रवी यांस. वस्तू वापरून जागेवर ठेवणारा घरात तो एकच.

४. शेजारी भाऊराव यांनी ‘शिडीची सावली माझ्या तुरीवर पडते’ असा अर्ज तहसीलपर्यंत नेला (शिडी कोणती, ते कलम ६ मध्ये). मी तो राग सोडला. धुऱ्यावरचे, म्हणजे आमच्या सामाईक बांधावरचे, बोरीचे झाड त्यांचे. सावली सूर्याची आहे, ती मला देता येत नाही.

५. शेत मुलगा संघर्ष याचे, हायवेकडच्या तुकड्यासह. तिथे त्याला टायरचे दुकान टाकायचे आहे. विचार चांगला आहे.

६. अडचण एवढीच, की त्याच तुकड्यावर माझी शिडीगाडी उभी आहे. दलाने ती निकाली काढली तेव्हा मी लिलावात घेतली आणि ट्रेलरवर घालून आणली. जनकाबाई म्हणाली, “सवत आनली म्हना की! वावरात ठेवा, माह्या दारात नाही.” नोंदणी रद्द आहे, रस्त्यावर काढू नये.

दर रविवारी मी शिडी उचलून पाहतो. आमच्या कामात एक नियम होता. गाडीचे चारही जॅक जमिनीवर पक्के टेकले, हे खालच्या माणसाने पाहायचे. तो ‘हो’ म्हणेपर्यंत वरच्याने शिडी हलवायची नाही, साहेब असला तरी. इथल्या काळ्या मातीत जॅक रुततात, म्हणून खाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घातले. खालचा माणूस मात्र मिळेना. शेवटी जनकाबाई पदर खोचून उभी राहिली. वाकून चारही पाय पाहते आणि ओरडते, “हो! करा एकदाची उभी तुमची सवत!”

मागच्या वर्षी मी दवाखान्यात होतो. संघर्षने भंगारवाल्याला गॅस कटर घेऊन बोलावले. जनकाबाई गाडीसमोर जाऊन बसली.

“आई, काऊन बसली इथं? तुलेच तं नको होती ना गाडी?”

“नको होती. पन म्या अजून हो म्हनलं काय?”

भंगारवाला हसत परत गेला. संघर्ष मला हे सांगताना स्वतःही हसला, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही.

सबब शिडीगाडी मी जनकाबाईच्या नावे करतो. तिच्या शब्दाशिवाय ती कोणी उचलू नये, विकू नये, कापू नये. मात्र ती ‘हो’ म्हणाली, तर त्याच दिवशी कापावी. माझे नाव पुढे करून तिला कोणी अडवू नये.

हे कलम तिला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाली, “‘कापा’ म्हनायले आत्ता तरी जीभ रेटत नाही. पुढचं पुढं पाहू.”

मला तेवढे पुरे आहे.

सही: कि. ल. हिवराळे
साक्षीदार: १. भाऊराव (अर्ज मागे घेऊन) २. बेबीताई, शेजारी
ठिकाण: वडनेर भोलजी. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार