गोळी खरी की रिकामी

आई, मला झोप लागली ती गोळीमुळे की आणखी कशाने, यावर तुझ्या जावयांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. तू असतीस तर ऐकण्याआधीच त्यांची बाजू घेतली असतीस, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. निवृत्त झाले आणि माझी झोप गेली. एसटी स्टँडावर चौकशीच्या खिडकीत बसून इतकी वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या, त्या सगळ्या आता अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात लागायला लागल्या. वेळणेश्वर सुटली की आंजर्ले, आंजर्ले सुटते न सुटते तोच कुणीतरी विचारायचं, हातखंब्याला थांबते काय? शेजारी तुझे जावई घाट चढणाऱ्या गाडीसारखे घोरत असायचे. इथल्या एका हॉस्पिटलात वयस्कर माणसांच्या निद्रानाशावर नव्या औषधाची चाचणी चालू आहे असं कळलं आणि मी नाव देऊन आले.

तिथल्या मॅडम म्हणजे नातीच्या वयाची मुलगी. तिने फार गोड आवाजात समजावलं, की निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला कुठली ते आम्हाला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. माझ्या शेजारी मिरकरवाड्यातली एक मासेवाली बसली होती, माझ्याच वयाची. ती म्हणाली, "डॉक्टरलाच म्हायती नाय, मग आपण आलोय कोणाकडे?" मॅडम म्हणाली, "मावशी, कुणालाच माहीत नसलं तरच औषधाचा खरा गुण कळतो." त्यावर ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाय, पाटीत सुरमई आहे का बांगडा ते मलाच म्हायती नाय, असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर चालेल काय?"

तिथेच आमची मैत्री झाली. दर खेपेला मॅडम तेच प्रश्न विचारायची. टीव्ही बघताना डुलकी लागते का, गाडीत बसल्यावर लागते का, कुणाशी बोलताना लागते का. मासेवाली शांतपणे म्हणाली, "समोर कोण बोलतोय त्याच्यावर आहे." हे उत्तर कुठल्या चौकटीत बसवायचं ते त्या पोरीला कळेना. आणि दुपारी झोपायचं नाही अशी सक्त ताकीद होती. जेवणं झाली की आख्खी आळी आडवी होते, आणि मी एकटी घासलेलाच ओटा पुन्हा घासतेय. तुझ्या जावयांना घरचा माणूस म्हणून माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आयुष्यात त्यांनी एवढं मन लावून कुठलंच काम केलं नसेल. माझा जरा डोळा लागला की ते खांदा हलवून विचारायचे, "झोपलीस काय गो?"

आपल्याला कुठली गोळी मिळाली याचा शोध मासेवालीने स्वतःच लावला. पुढच्या खेपेला म्हणाली, "मी चावून बघितली. कडू आहे. म्हणजे खरी. तुझी?" मी म्हटलं, मी पाण्याबरोबर गिळते, मला काहीच चव लागत नाही. तिने कीव करून माझ्या हातावर हात ठेवला. "मग तुझी रिकामी गो." ती रोज गाढ झोपायची आणि तोंडावर तेज घेऊन यायची. माझीही झोप थोडी सुधारली होती, पण रिकाम्या गोळीने सुधारली असं सांगायची मला लाज वाटली.

तिथे एक परीक्षा मात्र मला हसण्यावारी नेता आली नाही. मॅडमने पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवायला. मग कोरा कागद दिला आणि म्हणाली, घड्याळ काढा, पावणेपाच वाजलेले दाखवा. आई, तुला तो दवाखाना आठवत नसेल. डॉक्टरांनी तुला हेच सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "भिंतीवर आहे की घड्याळ, काढायचं कशाला?" डॉक्टरांसकट आम्ही सगळे हसलो. मग तू काढलंस, आणि सगळे आकडे एका बाजूला गर्दी करून बसले, अर्धं घड्याळ मोकळंच. त्याच्या आदल्याच वर्षी तुझी झोप गेली होती. नंतर एकदा तू बोचकं घेऊन स्टँडावर आलीस, माझ्याच खिडकीशी उभी राहून म्हणालीस, "बाई, माझ्या आईकडे जायची गाडी लागली काय?" मागे रांग होती. मी म्हटलं, "अजून लागली नाही, बसा." तू शहाण्यासारखी बाकावर जाऊन बसलीस. मी काम संपवून तुला घरी आणलं, आणि वाटेत तू मला विचारत होतीस की तुमच्या घरी कोण कोण असतं.

मी घड्याळ काढलं. बारा वर, सहा खाली, मग मधले, आणि काटे पावणेपाचवर. पाचही शब्द सांगितले. मॅडम म्हणाली, "आजी, एकदम छान." तिला वाटलं मी कौतुकाने खूश होऊन हसले. बाहेर मासेवाली म्हणाली, "तोंड का असं? नापास केलं काय?" मी म्हटलं, पास. तिने मला समोरच्या टपरीवर चहा पाजला.

चाचणी संपल्यावर काही महिन्यांनी डॉक्टरांनी दोघींना बोलावून सांगितलं. खरी गोळी माझी होती. मासेवाली म्हणाली, "डॉक्टर, मला तीच द्या परत. रिकामी." डॉक्टर म्हणाले, "अहो, त्यात काही नव्हतं." ती म्हणाली, "नसूदे. मला गुण आला." घरी आल्यावर मी तुझ्या जावयांना सांगितलं, तर ते म्हणतात की औषध वगैरे काही नाही, ते लक्ष ठेवून होते म्हणून मी झोपले.

हे कागद कुठल्याच पत्त्यावर जायचे नाहीत, म्हणून तेवढं लिहून टाकते. झोपेसाठी मी तिथे गेलेच नव्हते. घड्याळाची ती परीक्षा तिथे घेतात असं मी आधी ऐकलं होतं आणि घरात कुणाला न सांगता ती देऊन बघायची होती. मला तुझ्यासारखं व्हायचं नव्हतं, आई. बाकी सगळ्यात मी हुबेहूब तुझ्यावर गेलेय, असं तुझे जावई भांडताना म्हणतात, आणि त्यावर मी आताशा भांडत नाही.